कोयता, उचल आणि वर्ग : गरिबीच्या समाजशास्त्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी समाजशास्त्र शिकवते, तिथे दिवाळी उलटली की वर्ग निम्मा होतो. कुणी आईबापांबरोबर ऊसतोडीला, उसाच्या फडावर गेलेलं असतं, कुणी गावात आजी आणि धाकट्या भावंडांजवळ थांबलेलं असतं आणि जमेल त्या दिवशी कॉलेजला येतं. उरलेल्यांना मी मार्क्स, वेबर शिकवते आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे प्रश्न वेगळे असतात, पण तेही दरवर्षी तेच. दोन्हीकडचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. उदाहरण बहुतेक ठिकाणी ऊसतोडीचं आहे. ते मला जवळून दिसतं, म्हणून.

गरिबी हा तर अर्थशास्त्राचा विषय. त्यात समाजशास्त्र वेगळं काय सांगणार?

दोन घरं घ्या. दोन्ही घरांची वर्षाची कमाई ८० हजार. पहिल्या घराची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, एक भाऊ एसटीत आहे, अडल्यानडल्याला तो चार पैसे देतो. दुसऱ्या घरानं पुढच्या हंगामाची मजुरी यंदाच्या उन्हाळ्यातच घेऊन खर्चून टाकली आहे. पाहणीच्या तक्त्यात ही दोन्ही घरं एकाच रकान्यात बसतात. पण पहिल्या घरातला माणूस सकाळी उठून "आज कामाला जात नाही" म्हणू शकतो. दुसऱ्याला ते म्हणता येत नाही.

हा फरक कुठून येतो, तो कोण टिकवतं आणि त्यातून कुणाचं भागतं, हे समाजशास्त्र विचारतं. किती आहे, याच्या शेजारी "कुणाशी कसल्या नात्यात आहे" हा प्रश्न ते ठेवतं. दोन शास्त्रांमधला बांध काही पक्का नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याची मोजणी मांडली. ते अर्थशास्त्रज्ञ. पण त्यांचं काम वगळून महाराष्ट्रातला कुठलाही समाजशास्त्रज्ञ या विषयावर बोलू शकत नाही.

'एक कोयता' म्हणजे नक्की काय?

नवरा-बायकोची जोडी. "आमच्या टोळीत बारा कोयते आहेत" म्हणजे चोवीस माणसं. एकटा पुरुष किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. हत्याराचं नाव माणसांना लागलंय आणि माणसांच्या जोडीला एकच मजुरी ठरते.

या शब्दाचा परिणाम लग्नाच्या वयावरही होतो. बिनलग्नाचा मुलगा अर्धा कोयता, त्याला उचलही (हंगामाआधी मिळणारी आगाऊ मजुरी) अर्धी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला गावी एकटं ठेवायचं तर धास्ती आणि फडावर न्यायचं तर राहायच्या झोपडीला, कोपीला, दार नाही. मग लग्न लवकर उरकतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. "अडाणीपणा" हे त्याचं सोपं उत्तर. आधी कोयत्याचा हिशेब बघावा.

उचल म्हणजे आगाऊ पगारच ना? कंपन्याही ॲडव्हान्स देतात. त्यात वाईट काय?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे, कारण बाकीचं सगळं याच्यावर उभं आहे.

हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. उचल मात्र त्याच्या कितीतरी आधी हातात येते. मृगाच्या पेरणीला, मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला किंवा मागची उधारी फेडायला. पैसा कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, वाहतूकदाराकडून टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडे आणि मुकादमाकडून कोयत्याकडे येतो. एका कोयत्याची उचल आजकाल लाखाच्या घरात जाते, कधी त्याच्याही वर.

आता हिशेब मांडू. हे उदाहरण आहे, सरासरी नव्हे. उचल १ लाख. जानेवारी २०२४ मधल्या करारानं तोडणीचा दर ३४ टक्के वाढला आणि टनाला २७३ वरून सुमारे ३६६ रुपये झाला. एक कोयता दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतो. आपण चांगले दिवस धरू, दोन टन. म्हणजे दोघांचे मिळून दिवसाला ७३२ रुपये. १२० दिवस एकही खाडा न करता काम केलं तर ८७,८४० रुपये. चार महिने पोट भरायला मुकादम दर आठवड्याला खर्ची देतो. ती १,००० धरली तर सतरा आठवड्यांचे १७,०००. एप्रिलमध्ये हिशेब होतो तेव्हा कोयता २९,१६० रुपयांनी देणं लागतो. एका दिवसाचंही दुखणं न काढता.

ही बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. जायचं कुणाबरोबर, हाही उरत नाही.

कंपनीतला माणूस ॲडव्हान्स घेतो तेव्हा त्याला पगार माहीत असतो, रजा असते आणि उद्या दुसरी नोकरी धरून तो ॲडव्हान्स फेडू शकतो. उचल घेणाऱ्याचे हे तिन्ही दोर कापलेले असतात. शिवाय ऊस किती भरला, काटा काय म्हणतो आणि मुकादमाच्या वहीत काय लिहिलं गेलं, यातलं काहीही त्याच्या हातात नसतं. वही मुकादमाकडे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी काही जण आता मोबाइलवर रोजच्या टनांची नोंद ठेवतात. मुकादमाला ते आवडत नाही, असं ते हसत सांगतात.

इतकी कमाई असेल तर हे लोक दारिद्र्यरेषेखाली येतच नाहीत. मग त्यांना गरीब का म्हणायचं?

तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी ग्रामीण भागात माणशी महिना ८१६ रुपयांची रेषा काढली गेली. पाच जणांच्या घराला ४,०८०. त्या रेषेखाली देशातले २१.९ टक्के लोक निघाले. रंगराजन समितीनं २०१४ मध्ये ग्रामीण रेषा ९७२ वर नेली, तर त्याच वर्षासाठी त्याच देशात २९.५ टक्के गरीब निघाले. दीडशे रुपयांनी रेषा हलली आणि कोट्यवधी माणसं गरिबीत आली. बाहेर काहीच बदललं नव्हतं.

वरच्या उदाहरणातली मजुरी बारा महिन्यांत वाटली तर महिना ७,३२० रुपये होतात. २०११-१२ च्या रेषेनं हे घर आरामात वर. महागाई धरून रेषा सरकवली तर घर तिच्या आसपास घुटमळेल. पण हातात आलेली रक्कम आधीच खर्च झालेली आहे आणि डोक्यावर बाकी आहे, हे कुठल्याच रेषेला दिसत नाही.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९७० च्या दशकात सापेक्ष वंचिततेची कल्पना मांडली. आपल्या समाजात ज्या गोष्टी सर्वसाधारणपणे असायलाच हव्यात असं मानलं जातं, त्यांत भाग घेता न येणं म्हणजे गरिबी. अमर्त्य सेन म्हणतात, माणूस काय करू शकतो आणि काय होऊ शकतो ते बघा. नीती आयोगाचा बहुआयामी निर्देशांक याच वाटेनं पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय असं मोजतो. त्यानुसार २०१५-१६ मध्ये देशातले २४.८५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये १४.९६. सुधारणा खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. फक्त एक आठवण : गावातल्या घराला शौचालय आहे, पण घरातली माणसं वर्षातले पाच महिने फडाशेजारच्या कोपीत असतात. निर्देशांक घराला मोजतो.

मार्क्सच्या हिशेबानं इथला शोषक कोण? शेतकरी, मुकादम की कारखाना?

परीक्षेत "भांडवलदार" लिहून मार्क मिळतात. फडात उभं राहिलं की घोळ होतो.

शेतकऱ्याला विचारा. २०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे ३,४०० रुपये एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर) होती. महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च त्यातूनच कापून घेतला जातो. शेतकरी म्हणतो, मजुरी माझ्याच बिलातून जाते. वर ऊस वेळेत तुटावा म्हणून टोळीला 'खुशाली' द्यावी लागते, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला 'एंट्री' द्यावी लागते. तोही चिडलेला असतो. त्याचं चिडणं खोटं नाही.

मुकादमाला विचारा. तो बहुतेक वेळा काल-परवापर्यंत स्वतः कोयता चालवत होता. टोळीतली निम्मी माणसं त्याच्या गावची, काही भावकीतली. वाहतूकदाराकडून घेतलेल्या पैशांचं ओझं त्याच्यावर असतं. एखादा कोयता उचल घेऊन आलाच नाही तर भुर्दंड त्याला. आणि मुकादमच पैसे घेऊन पसार झाला, तर वाहतूकदार पोलीस स्टेशनच्या पायऱ्या झिजवतो. दोन्ही प्रकार दरवर्षी घडतात.

कारखान्याला विचारा. तो म्हणतो, हे आमचे कामगार नाहीतच. आमचा करार वाहतूकदाराशी.

मार्क्सची वरकड मूल्याची (मजुरानं निर्माण केलेलं, पण मजुरीत त्याला न मिळालेलं मूल्य) कल्पना इथे लागू पडते. साखर, मळी, इथेनॉल, वीज या सगळ्याचा पहिला हात ज्याचा, त्याचा वाटा टनामागे ठरलेल्या रकमेवर थांबतो. "राखीव फौज", म्हणजे काम नसल्यानं मिळेल त्या मजुरीला तयार असलेली माणसं, ही कल्पना तर अगदी चपखल आहे. मराठवाड्याचा कोरडवाहू पट्टा ही कारखानदारीची राखीव फौज आहे, आणि पावसानं दगा दिला की तिची भरती आपोआप वाढते. १९७२ च्या दुष्काळानंतर हे स्थलांतर फुगलं ते उगीच नाही.

पण मालक एकीकडे आणि मजूर दुसरीकडे, समोरासमोर, हे चित्र जुळत नाही. इथे मालकाला चेहराच नाही. मजुराच्या समोर मुकादम उभा असतो, जो त्याच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकायला आलेला असतो. बांधावर मजूर आणि शेतकरी खुशालीच्या पैशांवरून भांडतात तेव्हा कारखान्याचं नावही निघत नाही. माझ्या मते या व्यवस्थेची सगळी ताकद या साखळीत आहे. जबाबदारी एकेका कडीनं खाली सरकते आणि पैसा एकेका कडीनं वर.

वेबर मग काय वेगळं सांगतो?

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर म्हणतो, वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता ही तीन वेगळी अंगं आहेत, ती नेहमी एकमेकांमागून येतीलच असं नाही. ऊसपट्ट्यात हे फार छान दिसतं.

देशातल्या पहिल्या यशस्वी सहकारी साखर कारखान्यांपैकी महत्त्वाचा कारखाना विठ्ठलराव विखे पाटलांनी १९५० च्या सुमारास नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी उभा केला, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी होते. शेतकऱ्यानं खासगी मालकाच्या नव्हे तर स्वतःच्या कारखान्याला ऊस घालायचा, ही त्या काळातली मोठी उलथापालथ. सभासद शेतकऱ्याला मत मिळालं, संचालक मंडळ मिळालं, पुढे त्यातून आमदारकी-खासदारकी आली. ऊस तोडणारा मात्र कधीच सभासद नव्हता. तो दुसऱ्या जिल्ह्यातला. कारखान्याच्या निवडणुकीत त्याला मत नाही, ज्या गावच्या शिवारात राहतो त्या ग्रामपंचायतीत मत नाही, आणि मतदान हंगामात आलं तर स्वतःच्या गावचं मतही बुडतं. वेबर ज्याला सत्तेचं अंग म्हणतो ते असं तुटलेलं असतं.

तरी तो अगदी निःशस्त्र नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घसरतो, म्हणून हंगामाच्या तोंडावरचा संप कारखान्यांना झोंबतो. गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांच्या लवादाची परंपरा या ताकदीतूनच आली. २०२४ ची ३४ टक्के वाढही कोयता बंदच्या दबावाखालीच मिळाली.

वर्ग की जात? खरं काय?

टोळीत वंजारी असतात, बंजारा असतात, बौद्ध, मातंग, मराठा, धनगर, मुसलमान सगळे असतात. दर सगळ्यांना एकच. एवढं बघून "ऊसतोडीत जात नाही, सगळे गरीब सारखे" असं लिहिलेले निबंध मी तपासले आहेत.

एप्रिलमध्ये गावी परतल्यावर बघा. कुणाकडे परतायला तीन एकर आहेत, कुणाकडे गायरानावरचं पत्र्याचं घर. कुणाला सोसायटीचं कर्ज मिळतं, कुणाला फक्त मुकादमाचं. कुणाचा मामा पंचायत समितीत आहे. उचल दोघांनी घेतली, पण एकाला ती चुकवता येण्याची थोडी तरी शक्यता आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच सांगितलं होतं की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीही विभागणी आहे. टोळ्यासुद्धा बऱ्याचदा जातीच्या, भावकीच्या असतात. दहा टोळ्या एका कारखान्यावर शेजारी राहतात आणि पाण्याच्या टँकरवर भांडतात. एकत्र येऊन मागणी मात्र क्वचितच करतात.

खरं सांगा, हे लोक उचलीचे पैसे लग्नात आणि दारूत उडवतात म्हणूनच गरीब राहतात ना?

हा प्रश्न नातेवाइकांचा. दरवर्षी जेवणाच्या ताटावर येतो.

ऑस्कर लुइस या अमेरिकी मानवशास्त्रज्ञानं मेक्सिको आणि पोर्तो रिकोतली गरीब कुटुंबं अभ्यासून 'दारिद्र्याची संस्कृती' ही कल्पना मांडली. उद्याचा विचार नाही, संस्थांवर विश्वास नाही, नशिबावर हवाला, आणि हे सगळं पोरांमध्ये उतरतं. लुइस स्वतः या वागण्याला परिस्थितीशी केलेली जुळवाजुळव मानत होता. पुढे लोकांनी सोयीचं तेवढं उचललं आणि गरिबांनाच आरोपी केलं.

लग्नाचं बघू. या घरात वर्षातून एकदाच मोठी रक्कम एकत्र येते. महिन्याला पगार येत नाही, बँक कर्ज देत नाही, बचत गटाचं कर्ज छोटं. लग्न, घराचं छप्पर, बोअर, ऑपरेशन यांपैकी कुठलंही मोठं काम करायचं तर ते उचलीच्या आठवड्यातच होणार. माझा पुण्याचा मावसभाऊ वीस वर्षांच्या हप्त्यांवर फ्लॅट घेतो, त्याला कुणी उधळ्या म्हणत नाही. तोही पुढची मजुरीच आज खर्च करतोय. फरक इतकाच की त्याला बँक मिळाली आणि यांना मुकादम. आणि लग्नाच्या खर्चाचंच बोलायचं तर हॉलमधल्या लग्नांची गोष्ट मी काढत नाही, घरात भांडण होतं.

दारू आहे. नाही म्हटलं तर ते खोटं होईल, आणि तिचा मार बायकांना बसतो. पण वरचा २९,१६० चा हिशेब पुन्हा बघा. त्यात दारूचा एक रुपया धरलेला नाही.

समाजाला गरिबीचा काही उपयोग असतो, हे पुस्तकात वाचलं. हे कसलं भयंकर वाक्य?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ किंग्सले डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये म्हटलं की महत्त्वाच्या कामांसाठी लायक माणसं पुढे यावीत म्हणून समाज त्यांना जास्त मोबदला देतो, विषमता त्यामुळे गरजेची. मेल्विन ट्यूमिननं १९५३ मध्ये विचारलं, महत्त्वाचं काम ठरवतो कोण? आमच्या पोरांना हे लगेच कळतं. ऊस तुटला नाही तर चिटणिसापासून चेअरमनपर्यंत सगळे घरी बसतील.

दुसरा हर्बर्ट गॅन्स. त्यानं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काहीशा खवचटपणे यादीच केली : गरिबीचा फायदा नेमका कुणाला? घाणेरडं, धोक्याचं काम स्वस्तात होतं, टाकाऊ माल खपतो, गरिबांवर देखरेख करणाऱ्यांना नोकऱ्या मिळतात. त्याचं म्हणणं गरिबी चांगली आहे असं नव्हतं. ती टिकून राहते कारण तिचा कुणालातरी उपयोग होतो, असं होतं. त्याच्या यादीत मी भर घालते : आमच्यासारख्यांना शोधनिबंधांचा विषय मिळतो.

बाईचा हिशेब वेगळा का मांडायचा? मजुरी तर जोडीची असते.

म्हणूनच वेगळा मांडायचा. जोडीची मजुरी नवऱ्याच्या नावावर, वहीत नाव त्याचं, उचल घेताना अंगठा किंवा सही त्याची. बाई पहाटे तीन-चारला उठते, भाकरी थापते, पाणी आणते, मग फडात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते. डोकी सेंटर (डोक्यावरून ट्रक भरायची पद्धत) असेल तर मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवते. रात्री गाडी भरायला आली तर रात्री. परत येऊन चूल. मजुरीच्या हिशेबात यातला अर्धा दिवस धरलेलाच नाही, आणि स्त्रीवादी समाजशास्त्राचा मुद्दा नेमका हाच आहे : हे न मोजलेलं काम थांबलं तर दुसऱ्या दिवशी मोजलेलं कामही उभं राहणार नाही.

२०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे दर सहा जणींत एक. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या.

"मुकादमानं जबरदस्ती केली" किंवा "डॉक्टरांनी लुबाडलं" अशी एका ओळीची उत्तरं तेव्हा खूप आली. आमच्याकडच्या बायका सांगतात ते ऐकलं तर कारणं एकात एक गुंतलेली दिसतात. फडावर आडोसा नाही, आंघोळीला पुरेसं पाणी नाही, पाळीत कापड धुवायला-वाळवायला जागा नाही. त्यातून अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. एक खाडा झाला की दंड, त्या वेळी पाचशे रुपयांचा आकडा वारंवार सांगितला जात होता. सरकारी दवाखाना लांब, खासगी डॉक्टर "कॅन्सर होईल" म्हणून घाबरवतो. पोरं झालेली असतात. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचलीतूनच. यात एकही पाऊल असं नाही की जिथे बाईनं मूर्खपणा केला. प्रत्येक पायरीवर तिनं समोर होतं त्यातलं कमी वाईट निवडलं.

पोरं शिकली की प्रश्न सुटेल ना?

काहींचा सुटतो. पोलीस भरतीत लागलेली, नर्स झालेली, शिक्षक झालेली मुलं आमच्याकडे आहेत, आणि त्यांच्या घरातला कोयता थांबला आहे.

तरी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्द्यू इथे उपयोगी पडतो. शाळा सगळ्यांना एकाच तराजूत तोलते, पण घरातून आणलेलं भांडवल वेगवेगळं असतं. भाषा, पुस्तकं, ओळखी, कुठला फॉर्म कधी भरायचा याची माहिती. सांस्कृतिक भांडवल, सामाजिक भांडवल हे त्याचे शब्द. ज्या मुलाची शाळा नोव्हेंबर ते एप्रिल तुटते त्याच्याकडे गुणपत्रिका असते, पण मधली पाच महिन्यांची पोकळी कुणी भरून देत नाही. एका घरातला एक मुलगा शिकावा म्हणून दोन बहिणी फडावर जातात, हेही मी पाहिलं आहे. तो यशस्वी झाला की सत्कार त्याचा होतो.

मग याला सरळ वेठबिगारी का म्हणत नाहीत?

१९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा म्हणतो : घेतलेल्या आगाऊ रकमेपोटी माणसाचं दुसरीकडे काम करण्याचं किंवा मोकळेपणानं फिरण्याचं स्वातंत्र्य गेलं, किंवा किमान वेतनाहून कमीत राबावं लागलं, तर ती वेठबिगारी. कागदावर बरीचशी ऊसतोड या व्याख्येत बसू शकते.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमध्ये अनेक दशकं काम केलं. बारडोलीच्या कारखान्यांवर ऊस तोडायला जाणारे मजूर आपल्याच खानदेशातले, धुळे-नंदुरबारकडचे. ब्रेमन याला नवी वेठबिगारी म्हणतात. तिथल्या जुन्या हाळी पद्धतीत मालक आयुष्यभर बांधून ठेवायचा, पण दुष्काळात धान्यही द्यायचा. नव्या पद्धतीत बंधन हंगामापुरतं आणि पाठीशी कुणीच नाही.

पण हा शब्द मजुरासमोर उच्चारून बघा. "आम्ही कुणाचे गुलाम नाही, मर्जीनं उचल घेतली," असं तो ताठ मानेनं सांगतो. त्याचा हा ताठा खोटा आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कायद्याचा शब्द मात्र अधिकाऱ्यासमोर वापरावा.

हार्वेस्टर आल्यावर ही सगळी कटकट संपेल?

यंत्रं वाढताहेत. छोट्या तुकड्यांत, चिखलात, अरुंद सरीत ती नीट चालत नाहीत, म्हणून कोयता अजून आहे. दुसरं काम नसताना यंत्र आलं तर उचलही जाईल आणि घरं उघडी पडतील. वर्गात हे मत मांडलं की मुलंच म्हणतात, "मॅडम, मग आम्ही काय जन्मभर तोडायचा का?" मला उत्तर देता आलेलं नाही.

देशातली विषमता वाढतेय की कमी होतेय? दोन्ही बातम्या येतात.

दोन्ही बरोबर असू शकतात, मोजमाप वेगळं. सरकारी उपभोग पाहणीत ग्रामीण भागाचा गिनी गुणांक (विषमतेचं माप; शून्य म्हणजे पूर्ण समानता) २०२२-२३ मधल्या ०.२६६ वरून २०२३-२४ मध्ये ०.२३७ वर आला. म्हणजे खर्चातली दरी कमी. दुसरीकडे, पॅरिसमधल्या जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ च्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा होता. कोट्यधीश माणूस पोळ्या किती खाणार? खर्च मोजला की तो आपल्या जवळचा दिसतो, संपत्ती मोजली की नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणायचंय का?

नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, आणि वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्यानं हक्क बनली. देशाचा २००५ चा रोजगार हमी कायदा तिचंच लेकरू. हाताला काम गावातच मिळालं तर उचल घ्यावी लागत नाही. इतकं सरळ तर्कशास्त्र त्यामागे होतं, आणि काम वेळेवर निघतं, मजुरी वेळेवर मिळते तिथे ते खरंही ठरलं.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे ठरलं. मुलांसाठी कारखान्याजवळ भरणाऱ्या साखरशाळा निघाल्या, मग हंगामी वसतिगृहं, मग संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं. आंतरराज्य स्थलांतरितांसाठी १९७९ चा कायदा होता, पण बीडहून सांगलीला जाणारा माणूस राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून त्याच्या तो कामाला आला नाही. २०२० च्या टाळेबंदीत लाखाहून जास्त ऊसतोड मजूर कारखान्यांच्या शिवारात अडकले. त्यांना घरी पोचवायचं म्हणून याद्या कराव्या लागल्या, तेव्हा त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात धड नव्हती.

मला या विषयावर प्रकल्प करायचाय. फडावर जाऊन काय विचारू?

दुपारी जाऊ नका, कुणालाही थांबायला वेळ नसतो. रात्री गाडी भरून गेल्यावर किंवा पहाटे चूल पेटते तेव्हा जा. पुरुषांच्या घोळक्यात बायकांना प्रश्न विचारू नका. जाताना बिस्किटाचे पुडे नेऊन फोटो काढू नका. मुकादमाची परवानगी घेतलीत तर तो शेजारीच बसेल, न घेतलीत तर टोळीला नंतर बोलणी खावी लागतील. दोन्हीत तोटा आहे, तुम्हीच ठरवा.

"उत्पन्न किती?" हा प्रश्न टाळा. उत्तर मिळतं, पण त्याचा उपयोग नसतो. त्यापेक्षा विचारा : मागच्या वर्षीचं किती फिटलं? उचल कोणत्या महिन्यात घेतली आणि कशाला? वही कुणाकडे असते? शेवटचा खाडा कधी झाला आणि का? गावी कोण राहिलंय? मग वही मिटून जरा बसा. चहा मिळाला तर घ्या, दूध नसेल त्यात.